साहेब, आत टाकू नका, फक्त दम द्या

माझी मावसबहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताईच म्हणते. एका रात्री साडेअकराला ती आमच्या दारात उभी राहिली. खालचा ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून बंद झालेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सकाळी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहायला कागद पुढे ओढला. तेव्हा ताई म्हणाली, "साहेब, आत टाकू नका त्यांना. फक्त दम द्या." चार दिवसांनी भाऊजी न्यायला आले आणि ती गेली. जाताना मला म्हणाली, "हे तसे नाहीत गं. रागाच्या भरात होतं." मी इतकी चिडले की पुढे जवळजवळ दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नाही.

बऱ्याच वर्षांनी मी एका समुपदेशन केंद्रात बसू लागले. तिथे ताईचं ते वाक्य इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं की माझा राग चुकीच्या माणसावर होता हे मला कळून चुकलं. शिक्षिका, नर्स, शेतमजूर, बँकेत नोकरी करणाऱ्या. मार खाऊन आलेली बाई नवऱ्याची बाजू घेते, तक्रार मागे घेते, पुन्हा नांदायला जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला सवय झाली असेल, हिला आवडतच असेल. मार कुणालाच आवडत नाही. मग ती परत का जाते, हे नीट उलगडून सांगायचा प्रयत्न करते.

मार पडल्यानंतरचा दिवस

आपण अशा घराची कल्पना करतो तेव्हा फक्त मारहाण डोळ्यांसमोर येते. पण त्या घरातही दिवाळीचा फराळ होतो, मुलांच्या तापात रात्र जागवली जाते, नवरा स्कूटरवरून बाजारात घेऊन जातो. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली, मार सोसलेल्या अनेक बायकांशी बोलून, या घरांतलं एक चक्र मांडलं. आधी ताण साठत जातो: भाजीत मीठ कमी का, फोन का उचलला नाहीस, खाली कुणाशी हसत होतीस. बाई पावलांचा आवाज न करता घरात वावरायला लागते. मग स्फोट होतो. आणि त्यानंतर मनधरणी. तो रडतो, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, स्वतः दवाखान्यात नेतो, हळद-दूध करून देतो.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ही तिसरी पायरी इतकी गोड नसते, असं मला केंद्रात दिसलं. माफी कुणी मागत नाही. नवरा दोन दिवस गप्प राहतो आणि तिसऱ्या दिवशी ताटावर बसताना "तू जेवलीस का?" एवढं विचारतो. महिनाभर जीव मुठीत धरून जगलेल्या बाईला तेवढं विचारणंही सणासारखं वाटतं.

इथे सगळ्या गुंत्याची गाठ आहे. मारणारा आणि समजूत काढणारा एकच माणूस आहे. घाबरलेला जीव आधार शोधतो. लहान मुलाला आईने धपाटा घातला तरी ते रडत रडत आईलाच बिलगतं, कारण दुसरीकडे जायचं कुठे हे त्याला माहीत नसतं. मोठ्या माणसाचंही याहून फार वेगळं नसतं. त्यात या नवऱ्याने आधीची काही वर्षं तिचे बाकीचे आधार एकेक करून तोडलेले असतात. मैत्रिणी नकोत, माहेरचे फोन नकोत, शेजारणीकडे जाणं नको. मग ज्या रात्री मार पडतो, त्या रात्री डोळे पुसायलाही समोर तोच उरतो.

ती परत जाते ती मारणाऱ्याकडे जात नाही. तिच्या लेखी ती त्या तिसऱ्या दिवशीच्या माणसाकडे जाते. तोच खरा, आणि मारणारा म्हणजे त्याच्या अंगात शिरलेलं काहीतरी, असं तिने मनात धरलेलं असतं. "हे तसे नाहीत गं" या वाक्याचा अर्थ हा आहे.

आता कुणी म्हणेल की दहा वेळा अनुभव आल्यावर तरी आशा सुटायला हवी. उलट होतं. मटका लावणारा माणूस रोज हरतो तरी मटका सोडत नाही, कारण कधीतरी आकडा लागतो. कधीच लागला नसता तर त्याने केव्हाच नाद सोडला असता. स्किनर या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं होतं. चोचीने कळ दाबली की दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. पण अधूनमधून, अवचित दाणा मिळालेलं कबुतर दाणा पूर्ण बंद झाला तरी कितीतरी वेळ कळ दाबत राहतं. अवचित मिळालेल्या मायेची ओढ रोज मिळणाऱ्या मायेपेक्षा चिवट असते.

कॅनडातल्या डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये या ओढीला नाव दिलं. मराठीत त्याला आघातातून जुळलेला बंध म्हणता येईल. त्यांचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकत्र आल्या की हा बंध तयार होतो: एकाच्या हातात सगळी सत्ता असणं, आणि मारझोड व माया आलटून पालटून मिळणं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नवऱ्याला किंवा जोडीदाराला सोडून बाहेर पडलेल्या ७५ बायकांचा अभ्यास छापला. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा त्या माणसाबद्दलची ओढ साधारण चौथ्या हिश्श्यानेच कमी झाली होती. म्हणजे बाहेर पडून अर्धं वर्ष झालं तरी ओढीचा मोठा भाग तसाच शिल्लक होता.

हे कळल्यावर मला ताईचे आमच्या घरचे ते चार दिवस वेगळे दिसायला लागले. आम्ही सगळे तिला म्हणत होतो, "सुटलीस बाई एकदाची." आणि तिला त्यांची आठवण येत होती. हे ती आमच्यापैकी कुणाजवळ बोलणार? आम्ही तिला वेडी म्हटलं असतं. चौथ्या दिवशी तिची आठवण ज्याला सांगता येईल असा एकच माणूस होता, आणि त्याचाच फोन आला.

"माझंच चुकलं"

स्वतःला दोष देणं हा या बायकांच्या बोलण्यातला सगळ्यात जास्त ऐकू येणारा सूर. "मीच उलट बोलले." "त्यांना ऑफिसचं टेन्शन असतं, मी समजून घ्यायला हवं होतं." हे ऐकून ऐकणाऱ्याचा संताप होतो. पण थोडा विचार करा. चूक माझी असेल, तर ती दुरुस्त करणं माझ्या हातात आहे. उद्यापासून भाजीत मीठ नीट घालेन, उलट बोलणार नाही, मग सगळं थांबेल. चूक त्याची असेल, तर माझ्या हातात काहीच नाही, आणि कधीही, कशावरूनही मार पडू शकतो. या दुसऱ्या विचारासोबत रोज रात्री त्याच माणसाशेजारी झोपणं फार कठीण आहे. म्हणून मन पहिला विचार धरतं.

आणि आजूबाजूचं जग त्याला दुजोरा देतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लोकांना सात कारणं वाचून दाखवली गेली: न सांगता बाहेर गेली, घर-मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिच्यावर संशय आहे, सासरच्यांचा मान ठेवला नाही. यातल्या एका तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. पुरुषांपेक्षा बायकांचा आकडा कणभर जास्तच. तिची आई, सासू, जाऊ, शेजारीण या ४५ टक्क्यांतल्या असू शकतात, आणि ती स्वतःही. "नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर तक्रार कुणाकडे?" ही म्हण आपल्या भाषेत उगाच रुजलेली नाही. नवऱ्याचा मार म्हणजे आभाळातून पडणारी गोष्ट, तिला कर्ता नाही, असं ती म्हण शिकवते.

दारूचंही तसंच. "पिऊन आले की होतं, एरवी देवमाणूस." दारूचा संबंध आहे हे खरंच. त्याच सर्वेक्षणात, नवरा वारंवार पिऊन येतो अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. पण नवरा अजिबात पीत नाही अशा घरांतही हा आकडा सुमारे २३ टक्के होता. आणि पिऊन आलेला माणूस वाटेत पोलिसाला, साहेबाला किंवा गल्लीतल्या दांडग्याला मारत नाही. घरी येऊन मारतो. एवढी शुद्ध त्याला असते.

या ठिकाणी बरेच लोक 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द फेकतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोममधल्या एका बँकेत दरोडेखोराने कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. सुटल्यावर ते ओलीस दरोडेखोरांबद्दल सहानुभूतीने बोलले आणि पोलिसांवर टीका केली, त्यावरून हा शब्द निघाला. त्या ओलिसांपैकी क्रिस्तिन एनमार्क यांनी आत असतानाच पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून सांगितलं होतं की आपल्याला पोलिसांच्या हल्ल्याची जास्त भीती वाटते. पुढेही त्यांचं म्हणणं राहिलं की हा आजार नव्हता, जिवंत राहण्यासाठी केलेलं वागणं होतं. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीतही हा 'सिंड्रोम' नाही. मला एनमार्कबाईंचं पटतं. बंदूक ज्याच्या हातात आहे त्याच्याशी जुळवून घेणाऱ्याला आपण वेडं म्हणत नाही.

संध्याकाळी घरी कोण जाणार?

ओढ हा गोष्टीचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे रोखठोक हिशोब, आणि तो बाई आपल्यापेक्षा पक्का करते.

पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. समुपदेशक आपल्या घरी जाते. मीही माझ्या घरी गेले असते. ताईला मात्र त्याच घरी जायचं होतं, जिथे तो जामिनावर सुटून येणार होता. "आत टाकू नका" याचा अर्थ "तो निर्दोष आहे" असा नव्हता. "तो बाहेर आल्यावर माझं काय?" हा तिचा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

ही भीती उगाचची नाही. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ११ शहरांमधल्या, जोडीदाराने केलेल्या बायकांच्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हरघडी ताबा ठेवू पाहणाऱ्या जोडीदारासोबत राहून मग त्याला सोडलेल्या बाईचा जीव जाण्याचा धोका जवळपास ९ पट दिसला. सोडून जाण्याचा काळ हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. बाईला हे कुठल्या अभ्यासातून शिकावं लागत नाही. "गेलीस तर तुला आणि पोरांना संपवीन" हे तिने ऐकलेलं असतं, आणि बोलणारा ते करू शकतो हे तिला अंगावरच्या खुणांवरून माहीत असतं. यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. त्याने कधी गळा दाबला असेल, तर ते साधं भांडण समजू नका. गळा दाबणं हे पुढे खून होण्याच्या मोठ्या धोक्याच्या खुणांपैकी एक मानलं जातं.

मग पैसा. पगार झाला की एटीएम कार्ड त्याच्याकडे. दागिने सासूच्या कपाटात. घर सासऱ्यांच्या नावावर. भाड्याने खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" मुलांची शाळा अर्ध्या वर्षात कशी बदलायची? माहेरी जावं, तर तिथे दोन खोल्या, भाऊ-भावजय, आणि धाकटीचं लग्न अजून व्हायचंय. पहिले आठ दिवस आई जवळ घेते. पंधराव्या दिवशी आत्या विचारते, "किती दिवस राहणार?" तेच कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कधी कुणाकडे मदत मागितली. त्यातल्या बहुतेकींनी ती माहेरच्यांकडेच मागितली, पोलिसांकडे अगदी थोड्यांनी. म्हणजे सगळा भार माहेरावर आहे, आणि पुष्कळ माहेरं अजून "भांड्याला भांडं लागतंच" म्हणून लेकीला परत पोहोचवून येतात. त्यालाच आपण "ती परत गेली" म्हणतो.

नवऱ्याने टाकलेल्या बायकांना समाज कसा वागवतो, हे महाराष्ट्राने उघडपणे मांडायला फार वेळ घेतला. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा कुठे ही गोष्ट घराबाहेर आली. टाकलेली म्हणवून घेण्यापेक्षा मार खाणारी सवाष्ण राहणं बरं, हा हिशोब त्या काळच्या बायका करत होत्या. आजही करतात.

हे फक्त बायकोबद्दल नाही. मुलाचा मार खाणाऱ्या म्हाताऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या तर बायकांपेक्षाही घट्ट तोंड मिटतात. पोटच्या पोराविरुद्ध बोलायचं म्हणजे आपलं अख्खं आयुष्य खोटं ठरवायचं. मार खाणारे पुरुषही असतात, आणि लाजेपायी ते कुणालाच सांगत नाहीत.

कायद्यातली एक वाट

ताईला त्या दिवशी मी सांगू शकले नाही, ते आता सांगते. आपल्याला वाटतं, दोनच रस्ते आहेत: सोसा, नाहीतर नवऱ्याला तुरुंगात घाला. क्रूरतेविरुद्धचं ४९८अ कलम १९८३ मध्ये आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. तो फौजदारी रस्ता. पण पुष्कळ बायकांना नवरा नको झालेला नसतो, मार नको झालेला असतो. त्यांच्यासाठीच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात बाई न्यायालयाकडून "मारू नकोस" असा संरक्षण आदेश घेऊ शकते. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहण्याचा हक्क आहे. खर्चासाठी पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. घटस्फोट घ्यावा लागत नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज करायला वकीलच लागतो असं नाही. तालुक्या-जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांनी मदत करायची असते.

"फक्त दम द्या" ही मागणी आपण भाबडी समजतो. कायद्याने तिलाच रूप दिलेलं आहे, फक्त तो दम हवालदाराच्या ऐवजी न्यायालय देतं आणि लेखी देतं. प्रत्यक्षात तारखा लांबतात, अधिकाऱ्यांकडे कामाचा ढीग असतो, हे खरं. तरी ही वाट असल्याचं बाईला माहीत असणं, यानेच तिच्या बोलण्यात फरक पडलेला मी पाहिलाय.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. त्यामागची कल्पना फार शहाणी होती: बाई पोलिसांकडे जाणार नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येईल. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या बाईला तिथे कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं. फोनवर मदत हवी असेल तर १८१, आणि जीव धोक्यात असेल तर ११२.

जवळच्या माणसाने काय करावं

मी जे केलं ते करू नये. बोलणं तोडू नये. तिचे आधार तोडायचं काम तो करत होता, आणि मी रागाच्या भरात त्याचंच काम सोपं केलं.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. मी तिला पोलीस ठाण्यात "घेऊन गेले". तिला विचारलंच नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून असं मांडलं होतं की सुटका नसलेला त्रास सोसत राहिलं की प्राणी असहायता शिकतो, मग दार उघडलं तरी बाहेर पडत नाही. मार खाणाऱ्या बायकांना हे वर्णन फार वर्षं लावलं गेलं. पण पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासावरून सांगितलं की आपलं उलटं झालं होतं. हतबल होऊन थांबणं हे शिकावं लागत नाही, ते मुळातच असतं. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्याने काही बदलतं. मला यात कामाची गोष्ट सापडली. ज्या बाईचा प्रत्येक निर्णय नवरा घेतो, तिचे निर्णय आता आपण घ्यायला लागलो, तर तिच्यासाठी फक्त हुकूम देणारा बदलतो. तिच्या हातून छोटे निर्णय होऊ द्यावे लागतात. भेटायचं कुठे, फोन किती वाजता करायचा, कुणाला सांगायचं, कुणाला नाही.

त्याला शिव्या देऊ नयेत. दिल्या की ती त्याची वकील होते, तुमच्याशी बोलताना तिची सगळी ताकद त्याला वाचवण्यात जाते. "तो नालायक आहे" याऐवजी "तुला लागलंय, मला काळजी वाटते" म्हणावं. "परत कशाला गेलीस?" विचारू नये. "परत गेलीस तरी माझं दार उघडं आहे" हे स्पष्ट शब्दांत सांगावं, आणि ते खरं करून दाखवावं. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, गुणपत्रिका, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती घराबाहेर कुठेतरी सुरक्षित असाव्यात. निघायचं ठरलं तर ते गाजावाजा करून, त्याला सांगून, भांडून नको.

दोन वर्षांनी मीच ताईला फोन केला. माफी मागितली, भाऊजींचा विषय काढला नाही. पुढच्या संक्रांतीला ती वाण घेऊन आली आणि निघताना वाणाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत तिची बारावीची गुणपत्रिका आणि दोन्ही मुलांचे जन्मदाखले होते. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाली, आणि चपला घालून खाली उतरली, कारण खाली ते गाडी चालू ठेवून थांबले होते. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी त्या पिशवीत एखादा कागद वाढायचा. कधी पासबुकची झेरॉक्स, कधी दवाखान्याची चिठ्ठी, एकदा पाचशेच्या चार नोटा. मी कधी काही विचारलं नाही. पिशवी कपाटात, साड्यांच्या खाली, वरून दुसऱ्या कप्प्यात आहे. तिला ते माहीत आहे.